रोना-बंदवाल्यांची विजया

विजया उमाठे आमच्या ऑफिसात रुजू झाली तेव्हा तिच्याबद्दल कोणालाच काही माहीत नव्हतं. नवं राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. रायपुरात जिथे जागा मिळेल तिथे सरकारी कार्यालयं उघडत होती, भाड्याच्या बंगल्यांत, शाळांच्या रिकाम्या खोल्यांत, आणि भोपाळहून ट्रकांनी फायली येत होत्या. आमचं संचालनालयही असंच एका जुन्या बंगल्यात होतं. मी आवक-जावक बघायची, ती टायपिंगला. दोघी मराठी, त्यामुळे एकमेकींच्या डब्यात हात घालायला वेळ लागला नाही. माझं माहेर नागपूरचं. तिचे वडील आर्वीकडचे, रेल्वेत लागले म्हणून इकडे आलेले.

ती कमी बोलायची. कामात फार हुशार होती असंही नाही. चुका व्हायच्या, पुन्हा टाईप करायची, कुरकुर मात्र नाही. सकाळी आली तरी संध्याकाळ झाल्यासारखी दिसायची. मला वाटायचं, एकटी राहते, जेवणाखाण्याची आबाळ होत असेल.

एकदा आमच्या बडे बाबूंचे वडील वारले. सगळं ऑफिस भेटायला निघालं. विजया जागची उठेना.

"चल ना, लगेच परत येऊ," मी म्हटलं.

"तुम्ही जा. मी मयतीच्या घरी नाही जात."

"काहून?"

तिनं कीबोर्डवरचे हात काढून मांडीवर ठेवले. "तिथं मले कोनी ओळखलं तर त्या घरच्यांले उगीच त्रास. मी रोना-बंदवाल्यांची पोरगी होय, मंजिरी."

रोना-बंदवाले माहीत नाहीत असा माणूस तेव्हा रायपुरात सापडला नसता. त्यांचं स्वतःचं नाव ‘सदामंगल परिवार’. परिवार म्हणजे खरोखर एकच घर होतं. विजयाचे वडील अनंतराव, आई मंदाकिनी, मोठा भाऊ गौतम, त्याची बायको, आणि चुलत काका-काकू, त्यांची पोरं. तेलीबांध्याच्या तलावाच्या बाजूला एका गल्लीत सगळे मिळून राहत. शहरात कोणाकडे मृत्यू झाला की ही मंडळी पांढरेशुभ्र कपडे घालून त्या घरासमोर जाऊन उभी राहायची. झांजा वाजवायची, हसऱ्या तोंडानं भजनं म्हणायची आणि हातातल्या पाट्या उंच धरायची. ‘रोना बंद करो.’ ‘आँसू पाप है.’ ‘जो गया, अपनी करनी से गया.’ लोक शिव्या द्यायचे, अंगावर पाणी फेकायचे, चपला फेकायचे. ते हलायचे नाहीत. माझे सासरे गेले तेव्हा ते आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यातही, येऊन गेले होते. सासूबाई त्यांचं नाव काढलं की अजून कानावर हात ठेवायच्या.

आणि त्या घरची मुलगी माझ्या डब्यातली भाकर खात होती. "बरं, बस तू," म्हणून मी निघून गेले.

पुढे तिनं सगळं सांगितलं, पण एका बैठकीत नाही. डबा खाताना, बसची वाट पाहताना, तुकड्या-तुकड्यांनी.

विजयाला एक लहान भाऊ होता. त्याचं शाळेतलं नाव काही वेगळं होतं, पण घरात सगळे लहानूच म्हणत. तेव्हा ते रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायचे. एका पावसाळ्यात लहानूला ताप आला, तो डोक्यात गेला आणि मुलगा हाती लागला नाही. विजया तेव्हा तिसरी-चौथीत असेल. आईनं अंथरूण धरलं. दिवसरात्र रडायची. घास तोंडात घातला की बाहेर काढायची. दिवाळी गेली, संक्रांत गेली, तरी तेच. हाडांचा सापळा झाली. डॉक्टर म्हणाले, असंच राहिलं तर ही बाई टिकणार नाही.

एका सकाळी अनंतराव आंघोळ करून आले, बायकोसमोर बसले आणि म्हणाले, "मंदा, आता रडनं बंद. देवानं नेला. रडनं म्हंजे देवावर केस टाकनं होय. आपल्यानं ते होनार नाही." ते ओरडले नाहीत. पण असं काही म्हणाले की आई गप्पच झाली. त्या संध्याकाळी ती उठून बसली आणि तिनं वरणभात खाल्ला. विजयाला तो भात चांगला आठवत होता. आई जेवते आहे हे बघून ती आणि गौतम दोघं अंगणात नाचले होते.

"मंजिरी, बाबा खराब मानूस नव्हते," ती म्हणायची. "त्यायले वाटलं, आपल्याले औषध सापडलं."

सुरुवातीला ते एकटेच जायचे. ओळखीत कोणी गेलं की त्या घरी जाऊन बसायचे, बोलायचे, पाणी पाजायचे. लोकांना बरंही वाटायचं. काही जण त्यांना मुद्दाम बोलवायला यायचे. मग हळूहळू त्यांच्या बोलण्यात धार आली. आधी म्हणायचे, रडू नका. मग म्हणू लागले, रडणं पाप आहे. मग म्हणू लागले, जो अवेळी गेला तो स्वतःच्या करणीनं गेला, त्याच्यासाठी रडणाराही त्या पापाचा धनी. लहानूची कोणती करणी होती हे त्यांना कोणी विचारलं नाही. घरात तर लहानूचं नावच काढायचं नव्हतं. नोकरी सुटली, क्वार्टर सुटलं. झांजा आल्या, पाट्या आल्या.

विजयाचा आवाज गोड. पुढे उभी राहून भजन तीच सांगायची. "मले लहानपणी मजा यायची," ती एकदा म्हणाली. "खोटं कशाले बोलू? सगळं घर मिळून कुठंतरी जाऊन राहिलो, नवे कपडे, रिक्षा. लोक काहून चिडून राहिले ते समजे नाही." पुढे समजायला लागलं. शाळेतल्या मैत्रिणी तुटल्या. लग्नाचं कोणी विचारलं नाही. तिनं घरी बसून बी.ए. केलं आणि झांज वाजवत राहिली.

राज्य नवं झालं त्या सुमाराची गोष्ट. शहराबाहेर उरला नावाच्या औद्योगिक वस्तीत एका कारखान्यात भट्टीवर अपघात झाला आणि काही मजूर गेले. उमाठे मंडळी टेम्पो करून उरल्याला पोचली. मजुरांच्या चाळीसमोर झांजा सुरू झाल्या. धुरानं काळी झालेली भिंत, त्या भिंतीला टेकून बायका बसलेल्या. त्यांच्यातून एक बाई उठून आली. शेवंता तिचं नाव, भंडाऱ्याकडची, वयानं विजयाएवढीच. तिनं विजयाला भावाशी मराठीत बोलताना ऐकलं होतं. जवळ येऊन तिनं विजयाच्या हातातली पाटी खाली ओढली आणि एकेक अक्षर लावत वाचली.

"तू मराठी हायेस?" तिनं विचारलं.

"हव."

"मंग मले सांग, माह्या मानसानं कोनती करनी केली? सकाळी डबा घेऊन गेला होता थो."

शेवंता तिच्या तोंडाकडे बघत उभी राहिली. खरंच उत्तर मिळेल असं तिला वाटत असावं. मागे झांजा चालूच होत्या. विजयानं पाटी जमिनीवर ठेवली आणि तिथेच बसली. मग शेवंताही तिच्या बाजूला बसली. परत निघताना अनंतरावांनी एकदाच हाक मारली, "विजू, चल." ती उठली नाही. टेम्पो निघून गेला.

दुसऱ्या दिवशी ती घरी गेली तेव्हा वडील दारातच उभे होते. शांतपणे म्हणाले, "आमची पोरगी वारली." एवढंच. त्यांच्या घरी मेलेल्या माणसाचं जे करायचे तेच त्यांनी तिचं केलं. कोणी रडलं नाही, पुन्हा कोणी नाव काढलं नाही, कपडे वाटून टाकले. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

विजया काही दिवस शेवंताकडेच राहिली. मग सदर बाजारात एका साडीच्या दुकानात लागली, कामकाजी महिलांच्या वसतिगृहात राहू लागली. नव्या राज्यात भरती निघाली तेव्हा अर्ज केला आणि आमच्याकडे आली. एकाच शहरात राहून इतक्या वर्षांत तिनं आईला एकदाच पाहिलं, सदर बाजारात, बांगड्यांच्या दुकानापाशी. समोरून गौतमची बायको आणि आई येत होत्या. विजया थांबली. आई स्कूटरींच्या गर्दीतून वाट काढत बाजूनं निघून गेली. पदर हाताला लागला, एवढी जवळून.

असं चाललं होतं. मग टीव्हीवाले आले.

त्याला निमित्त झालं ते एका मोठ्या पुढाऱ्याच्या अंत्ययात्रेचं. राजधानी झाल्यापासून रायपुरात मोठी माणसं मरू लागली होती, म्हणजे मोठ्या माणसांच्या मरणाला कॅमेरे येऊ लागले होते. त्या कॅमेऱ्यांपुढे उमाठे मंडळी झांजा घेऊन उभी राहिली. पोलिसांनी लाठ्या चालवल्या. पांढऱ्या कपड्यांतला, कपाळातून रक्त गळणारा आणि तरी हसणारा म्हातारा देशभर दिसला. थोड्याच दिवसांत दिल्लीच्या एका चॅनेलनं ठरवलं, या घरावर पूर्ण डॉक्युमेंट्री करायची.

ती करणारा माणूस अनिमेष. तिशीतला, मऊ बोलणारा, मोठ्यांना वाकून नमस्कार करणारा. तो महिनाभर तेलीबांध्याच्या त्या घरी जात राहिला. अनंतरावांनी त्याला सगळं मोकळं करून दिलं. कॅमेऱ्यातून आपला उपदेश घरोघरी पोचेल असं त्यांना वाटत होतं. तिथेच कोणीतरी अनिमेषला सांगितलं की एक मुलगीही होती.

तो आमच्या ऑफिसात आला. विजयानं हात जोडले. "भैया, मुझे कुछ नहीं कहना." तो पुन्हा आला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा आला तेव्हा त्यानं हट्ट केला नाही. फक्त म्हणाला, "दीदी, आपकी माँ का इंटरव्यू किया है. देखना चाहेंगी?"

विजयानं माझ्याकडे पाहिलं. मीही बरोबर गेले. कॉफी हाउसच्या कोपऱ्यातल्या टेबलावर त्यानं कॅमेऱ्याचा छोटा पडदा उघडून दिला आणि कानाला लावायला वायर दिली. एक टोक तिनं कानात घातलं, एक मी. पडद्यावर मंदाकिनीबाई पाटावर बसून मेथी निवडत होत्या. केस पूर्ण पांढरे झालेले. विजया म्हणाली, "चष्मा लागला हिले." अनिमेषचा आवाज आला, आपके कितने बच्चे हैं? बाई म्हणाल्या, "एक बेटा है. एक छोटा था, भगवान के पास है. एक बेटी थी, नहीं रही."

"कैसे गई?"

बाईंनी बाजूला पाहिलं. तिथे गौतम उभा असावा. मग मेथीच्या काड्या बाजूला सारत म्हणाल्या, "अपने पैरों से गई."

विजयानं ते पुन्हा लावायला सांगितलं. मग पुन्हा. कॉफी थंड झाली. "मंजिरी, अशी कोनी मेलेल्या मानसाबद्दल बोलते का गं?" तिनं मला विचारलं. मी नाही म्हटलं. मग ती अनिमेषला म्हणाली, "पूछिए, क्या पूछना है."

वसतिगृहाची परवानगी काढून तिच्या खोलीवर शूटिंग झालं. रविवारचा पूर्ण दिवस गेला. मी चहा करत होते, म्हणून सगळं ऐकलं. तिनं लहानूचं सांगितलं. आईनं वरणभात खाल्ला ती संध्याकाळ सांगितली. उरल्याचं सांगितलं. अनिमेषनं विचारलं, लोग आपके परिवार को क्या कहते थे? ती म्हणाली, "लोग कहते थे, ये लोग इंसान नहीं हैं. मुझे बहुत बुरा लगता था. मैं जानती थी न, वो इंसान ही हैं. दुखी इंसान हैं." अनिमेषचे डोळे भरून आले होते, हे मी पाहिलं आहे. तो खोटा माणूस होता असं मला आजही म्हणता येत नाही.

कार्यक्रम लागला तो आमच्या घरी पाहिला. विजया, मी, सासूबाई, शेजारच्या दोघी. नाव ठेवलं होतं ‘मातम के दुश्मन’. लाल अक्षरं, ढोल, मोठमोठा आवाज. अनंतराव हसत होते ते चित्र हळू करून पुन्हा पुन्हा दाखवलं. आईचा चेहरा आला आणि गेला, मेथीचं काही नव्हतं. वरणभाताचं काही नव्हतं. लहानू होता तो एका वाक्यात. शेवटाला विजया दिसली. तिच्या मागे खिडकी, चेहऱ्यावर अंधार. आणि ती म्हणाली, "ये लोग इंसान नहीं हैं."

आधीचे शब्द कापलेले. पुढचे कापलेले. तेवढंच वाक्य, आणि त्यावर ढोल.

सासूबाई म्हणाल्या, "बरं बोलली गं पोरी. कोनीतरी बोललं." शेजारणींनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. विजया चपला घालून निघाली. मी गेटपर्यंत गेले. "मी असं नाही बोलली," ती म्हणाली. "मला माहीत आहे, मी होते ना तिथे." "तुले माहीत असून काय कामाचं," ती म्हणाली आणि गेली.

दोनच दिवसांनी तेलीबांध्याच्या त्या घरावर दगडफेक झाली. दिवसाढवळ्या पोरं मोटारसायकलींवर आली होती. ‘घर की बेटी ने खुद बोला है,’ असं ओरडत होती. खिडक्या फुटल्या. मंदाकिनीबाईंच्या कपाळाला लागलं. विजयाला कळताच ती दवाखान्यात धावली. खाटेपाशी गौतम उभा होता. "इंसान नहीं हैं हम, तू काहून आली?" तो म्हणाला. आईच्या डोक्याला पट्टी होती, डोळे मिटलेले. झोपल्या होत्या की नाही कोण जाणे. विजया तिथूनच परतली.

तिनं अनिमेषला फोन लावला. तो फार ओशाळला होता. एडिट चॅनेलनं केलं, माझ्या हातात नव्हतं, पूर्ण फिल्म मी कधीतरी दाखवीन, असं बरंच काही म्हणाला. विजया ऐकत राहिली. शेवटी "ठीक है भैया," म्हणून तिनं फोन ठेवला. मी तिला म्हटलं, चांगलं सुनवायचं होतंस. ती म्हणाली, "आता कोनाकोनाले सुनवू? ज्याले त्याले आपापलं खरंच वाटून राहिलं."

त्यानंतर ऑफिसात तिला पाहायला माणसं यायची. दुसऱ्या विभागातले बाबू काम नसताना कागद घेऊन यायचे. काही जण शाबासकी द्यायचे. एक बाई तर म्हणाली, बापाबद्दल असं बोलायला जीभ कशी रेटली. विजया दोघांनाही मान हलवायची. तिची चाल मंद झाली. जिना चढताना मधल्या वळणावर थांबायची.

उमाठे मंडळींचं मात्र काही बिघडलं नाही, उलट वाढलं. टीव्हीवर पाहून बाहेरची माणसं येऊ लागली. कोणी राजस्थानातून, कोणी ओडिशातून. मुलगा गेलेले, नवरा गेलेली, रडून रडून थकलेले लोक. म्हातारा त्यांना म्हणायचा, बंद करा, आणि काहींचं खरंच बंद व्हायचं. गल्लीत मांडव पडला, भोंगा लागला.

पुढच्या एका उन्हाळ्यात अनंतरावांना अर्धांगवायू झाला आणि त्यातच ते गेले. विजयाला बातमी एका लोकल चॅनेलच्या पट्टीवरून कळली. तिनं मला फोन केला, "येशील का संगं?" मी गेले.

गल्ली माणसांनी भरली होती. अनुयायी पांढऱ्या कपड्यांत झांजा वाजवत होते. गल्लीच्या तोंडाशी वेगळीच गर्दी होती, ज्यांच्या दारी एकेकाळी या झांजा वाजल्या होत्या त्यांची. ते काही करत नव्हते. नुसते बघायला आले होते. एकानं फटाक्यांची माळ आणली होती, ती त्यानं लावली नाही, हातातच धरून उभा राहिला. विजयाला गौतमनं मांडवाच्या आत येऊ दिलं नाही. ती गर्दीतच थांबली. तिरडी आली. आई मागून चालत होती, हातात झांज, कोरडा चेहरा. बापाचे पाय चादरीबाहेर आले होते. विजया त्या पायांकडे बघत राहिली, तिरडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत.

तेवढ्यात अनिमेष आला. तो दिल्लीहून सकाळच्या विमानानं आला होता. कॅमेरावाला मागे. "दीदी, बस दो मिनट. आप कुछ कहना चाहें... इस बार पूरा जाएगा, मेरी ज़िम्मेदारी." कॅमेरा तिच्या डोळ्यांवर रोखलेला.

"भैया, आप रोना ढूँढ रहे हैं," विजया म्हणाली. "मेरे पास नहीं है. होता तो दे देती."

त्यानं कॅमेरावाल्याला खूण केली आणि कॅमेरा खाली झाला. आम्ही ऑटो करून परत आलो. वाटेत तिनं उसाचा रस प्यायला. मला म्हणाली, डोकं दुखून राहिलं, उन्हाचं.

वर्षभरानं आमचं संचालनालय नव्या रायपूरला गेलं. रुंद रस्ते, मोठ्या इमारती, माणूस दिसायचा नाही. स्टाफ बस सकाळी शहरातून निघायची. विजयानं वसतिगृह सोडून दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. एका रविवारी मी तिच्याकडे पापड लाटायला गेले होते. दुपारी दाराशी ऑटो थांबला आणि मंदाकिनीबाई उतरल्या. हातात कापडी पिशवी.

विजया लाटणं हातात घेऊन दारात उभी राहिली. "तू इकडं कशी आली?"

"ऑटोनं."

"कोनाले सांगून आली?"

"सांगून कोन येऊ देते? गौतम मले खुर्चीवर बसवून ठेवते. लोक पाया पडतात दिवसभर. कंबर दुखते माही." मग त्यांनी पोळपाटाकडे पाहिलं. "पापड जाड लाटून राहिली तू."

आत येऊन त्या सरळ लाटायलाच बसल्या. मी लौकर निघाले.

आई आली म्हणजे विजयाचं सगळं निवळलं, असं झालं नाही. आईला रात्री झोप लागायची नाही, म्हणून हिलाही नाही. आई स्वयंपाक करताना जुनीच भजनं गुणगुणायची, ती ऐकून हिचं डोकं उठायचं. गौतम येऊन दारात तमाशा करून गेला. आईला घेऊन जायला तो अनुयायीही घेऊन आला होता. बाई आतून म्हणाल्या, "मी वारली म्हनून सांगून दे. तुले जमते ते." तो गेला, मग आला नाही.

बरेच दिवस दोघी महत्त्वाचं काही बोलल्याच नाहीत. मग एकदा भाजी निवडताना विजयानं धीर केला. "आई, टीव्हीवर मी तसं नव्हतं म्हटलं. अर्धं कापलं त्यायनं."

"मले माहीत हाय."

"कसं माहीत?"

"आमच्या घरी टीव्ही कुठं होता? गौतमनं सांगतलं. मी म्हटलं, नसन म्हनलं तिनं. ती तसं बोलतच नाही."

विजयानं मला हे सांगितलं तेव्हा ती हसली होती. इतकी वर्षं ज्या गोष्टीनं ती खचली, ती आईच्या मनात कधी शिरलीच नव्हती. "दवाखान्यात डोळे उघडले असते तं काय झालं असतं?" ती म्हणाली. पण आईला तिनं ते विचारलं नाही. दुसरंच विचारलं. लहानूचं. तुला कधीच रडू आलं नाही का?

बाई बराच वेळ देठ खुडत राहिल्या. मग म्हणाल्या, "तवा तुह्या बाबानं थांबवलं नसतं तं मी मेली असती. मंग तुमचं कोनं केलं असतं? ते खरं होतं. पन मंग त्यानं तिथंच थांबाले पाह्यजे होतं. एका घरचं औषध गावभर वाटत फिरला. मलेही संगं फिरवलं. मी फिरली." आणि भाजी धुवायला उठून गेल्या. रडल्या नाहीत. विजया म्हणते, आता ती रडेल असं मला वाटतही नाही, आणि नाही रडली तर काही बिघडत नाही.

मागच्या महिन्यात सकाळी आम्ही बसच्या थांब्यावर उभ्या होतो तेव्हा तिचा फोन वाजला. अनिमेष होता. त्याला कुठूनतरी कळलं होतं की आई घर सोडून मुलीकडे आली. चॅनेलला दुसरा भाग करायचा आहे, या वेळी शेवट चांगला आहे, असं तो म्हणत होता. आवाज इतका स्पष्ट येत होता की मलाही ऐकू आला.

"हमारे यहाँ कुछ हुआ ही नहीं है, भैया," विजया म्हणाली. "माँ-बेटी रहते हैं."

"दीदी, वही तो दिखाना है."

"उसमें देखने जैसा क्या है? बस आ गई मेरी." तिनं फोन पर्समध्ये टाकला.

बस खरंच आली होती. खिडकीजवळची जागा मिळाली म्हणून तिला बरं वाटलं. मी विचारलं, आईला सांगशील का त्याचा फोन आला म्हणून? "पाहू," ती म्हणाली. "आज संध्याकाळी तिले डॉक्टरकडं न्याचं हाय, मोतीबिंदूचं." मग तिनं डोकं काचेला टेकवलं. तेलीबांध्याचा तलाव यायच्या आत तिला झोप लागली होती.